नित्योपयोगी मालाचे शेअर

साबण, चहा, साखर, हळद या जिनसांवाचून सातारा-सांगलीकडील कोणत्याही गृहस्थाचा महिना पार पडत नाही. मंदी येवो वा महागाई, वाण्याची यादी आखूड होते, पण कोरी कधीच राहत नाही. तेव्हा असा माल करणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेतले म्हणजे पैसा सुरक्षित राहील, असे अनुमान पुष्कळ कुटुंबांत निघते. त्यात तथ्य आहे. परंतु खप स्थिर असणे आणि भागधारकाचा नफा स्थिर असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

सांगलीचेच उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९३९ साली नोंदविलेल्या उगार शुगर वर्क्स या कंपनीची कचेरी सांगलीस, कारखाना बेळगाव जिल्ह्यात उगार खुर्द येथे, आणि तिचे भाग शेअरबाजारात विकले जातात. साखरेइतका नित्याचा जिन्नस दुसरा कोणता? तथापि उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरविते व तो चौदा दिवसांत चुकता करावा असा नियम आहे. साखर मात्र बाजारभावाने विकावयाची. पोत्यावर कोणाचे नाव आहे हे पाहून गृहिणी चार पैसे अधिक मोजीत नाही. ऊस उदंड झाला की साखर साठते आणि भाव कोसळतो. २०१८ साली सरकारला साखरेचा किमान विक्रीदर किलोस २९ रुपये असा बांधून द्यावा लागला व पुढच्याच वर्षी तो ३१ रुपये करावा लागला, तो याच अडचणीमुळे. उलट देशात टंचाईची भीती वाटली की निर्यातीवर बंधने येतात. २०२२ साली ती आली. मग साखर नित्याची असूनही तिच्या कारखान्याचे उत्पन्न पावसाप्रमाणे बेभरवशाचे होते.

शिवाय आजची गरज उद्या राहीलच असे नाही. कऱ्हाडनजीक ओगलेवाडीस १९१६ साली काचकारखाना निघाला. त्याचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघर टांगलेला असे. वीज आली आणि कंदील खुंटीवरून उतरला.

साबणाची गोष्ट निराळी. तेथे छापावर विश्वास बसलेला असतो. तेल महागले तर वडी किंचित लहान करून कंपनी वेळ निभावून नेते (ग्राहकाच्या दृष्टीने ही युक्ती स्तुत्य नव्हे, हे अलाहिदा). पण हे बळ सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्याची किंमतही शेअरच्या भावात आधीच मिळविलेली असते. १९५६ साली भारतीय जनतेस भाग देणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरचा भाव २००० च्या सुमारास फार चढला होता. २००४ साली कपडे धुण्याच्या पावडरीवरून प्रतिस्पर्ध्याशी किमतींची चढाओढ जुंपली व नफा घटला. लोकांनी कपडे धुणे काही सोडले नव्हते. तरी सुमारे दहा वर्षे भाव त्या उच्चांकाच्या फारसा पुढे सरकला नाही. त्या वेळी शेअर घेणाऱ्याच्या हाती त्या दशकात आला तो वार्षिक लाभांश तेवढा.