नेटवर्क कार्डाची ओळख आणि त्याचे नामकरण

संगणकात नवे नेटवर्क कार्ड बसवावे, केबल जोडावी, आणि तरीही बाहेरच्या जगाशी संपर्क होऊ नये, हा अनुभव लिनक्स, फ्रीबीएसडी यांसारख्या युनिक्स-सदृश कार्यप्रणाली वापरणाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी 'कार्ड चालत नाही' असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः या एका वाक्याच्या पोटी चार निरनिराळी विधाने दडलेली असतात. कार्ड कर्नलला दिसतच नाही. दिसते, पण ओळखता येत नाही. ओळखले जाते, पण ज्या नावाने त्याला हाक मारली जात आहे ते त्याचे नाव नव्हे. किंवा नाव बरोबर आहे, पण पत्ता मिळालेला नाही. यांपैकी कोणते विधान खरे हे ठरविण्यापूर्वी केलेली खटपट बहुधा वाया जाते.

पहिल्या दोन विधानांचा निकाल संख्यांवरून लागतो. पीसीआय जातीच्या प्रत्येक कार्डावर सोळा-सोळा बिटांच्या दोन संख्या कोरलेल्या असतात. एक उत्पादकाची, दुसरी त्या उपकरणाची. षोडशमान पद्धतीने लिहिल्यास इंटेलची संख्या ८०८६ अशी येते. १९७८ साली याच अंकांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रोसेसरची ती आठवण होय. रिअलटेकच्या सर्वत्र आढळणाऱ्या एका गिगाबिट चिपची जोडी १०ईसी:८१६८ अशी आहे. लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएन' या पर्यायासह दिली असता या जोड्यांची यादी मिळते. कार्ड या यादीतच नसेल, तर ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही. कार्ड खाचेत नीट बसले आहे काय, बायोसमध्ये ते बंद तर केलेले नाही ना, हे पाहावयास हवे.

यादीत असेल, तर पुढचे काम एखाद्या कोशात शब्द शोधण्यासारखे आहे. आपण कोणत्या संख्या जाणतो हे प्रत्येक ड्रायव्हर स्वतः जाहीर करतो, आणि या सर्व घोषणांचे एक कोष्टक तयार करून ठेवलेले असते. कार्डाची संख्या हा शीर्षशब्द, ड्रायव्हर हा त्याचा अर्थ. जुन्या कर्नलला नवे कार्ड ओळखता येत नाही ते याच कारणाने: कोश जुना, शब्द नवा. तेथे नव्या कर्नलवाचून सरळ उपाय नाही. कधी शब्द सापडतो, पण कार्डात भरावयाचे फर्मवेअर डिस्कवर नसते, आणि कर्नलच्या संदेशांत (ते 'डीमेसेज' या आज्ञेने वाचता येतात) तशी तक्रार उमटते. वायरलेस कार्डांच्या बाबतीत हे विशेष घडते. हे फर्मवेअर मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे डेबियनने ते दीर्घकाळ आपल्या अधिकृत प्रतिष्ठापन-प्रतींबाहेर ठेवले होते. २०२२ मधील मतदानानंतर, २०२३ साली आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून, ते त्यांत समाविष्ट झाले. तोपर्यंत नवशिक्याची स्थिती मोठी चमत्कारिक होती. नेटवर्क चालू करण्यासाठी जी फाइल हवी, ती मिळविण्यासाठीच नेटवर्क हवे!

तिसरे विधान मात्र अधिक फसवे आहे. युनिक्समध्ये उपकरणे सामान्यतः फाइलींच्या रूपाने प्रकट होतात, हे सर्वश्रुत आहे. लिनक्समधील नेटवर्क कार्ड हा त्याला ठळक अपवाद होय. डिस्कसाठी 'डेव्ह' निर्देशिकेत फाइल असते. इथरनेट कार्डासाठी तशी नसते, असते ते केवळ नाव. पत्ता त्या नावाला दिला जातो आणि फायरवॉलचे नियमही बहुधा त्या नावालाच बांधलेले असतात. नाव चुकले की सारेच चुकते.

हे नाव ठेवण्याच्या तीन रीती प्रचारात आल्या. लिनक्सची जुनी रीत 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी. म्हणजे जातीचे नाव आणि सापडण्याचा क्रम. फ्रीबीएसडीची रीत ड्रायव्हरवरून नाव ठेवण्याची: इंटेलचे कार्ड 'ईएम०', तर रिअलटेकचे 'आरई०'. तिचा एक लाभ असा की नाव कळताच त्या ड्रायव्हरचे माहितीपृष्ठ उघडता येते. पण इंटेलचे कार्ड काढून रिअलटेकचे बसविले, तर 'ईएम०'साठी लिहून ठेवलेली विन्यासाची ओळ निरुपयोगी ठरते. जुन्या लिनक्स-रीतीचा दोष याहून गंभीर होता. ज्या यंत्राचे एक कार्ड आतल्या जाळ्याकडे आणि दुसरे बाहेर तोंड करून आहे, तेथे यंत्र पुन्हा सुरू होताना सापडण्याचा क्रम बदलला, तर बाहेरच्यासाठी लिहिलेले फायरवॉलचे नियम आतल्याला लागू होणार, आणि आतल्याचे बाहेरच्याला.

या दोषावर २०१३ साली 'सिस्टमडी'च्या १९७ व्या आवृत्तीने स्थानाचा उपाय काढला. 'ईएनपी३एस०' या नावात 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी३' म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा बस, 'एस०' म्हणजे शून्य क्रमांकाची खाच. मराठीतील '-कर' प्रत्ययान्त आडनावांशी याचे साम्य सहज लक्षात येते, पण भेद अधिक बोधप्रद आहे. नागपूरकर पुण्यास येऊन स्थायिक झाले तरी नागपूरकरच राहतात. कार्डाचे तसे नाही. आणि नवल हे की कार्ड जागचे न हलताही त्याचे नाव बदलू शकते. कारण बसचा क्रमांक ही स्वतः एक मोजणी आहे. दुसऱ्या खाचेत एखादे नवे उपकरण बसविले की ती मोजणी सरकू शकते, आणि कालचे 'ईएनपी३एस०' आज 'ईएनपी४एस०' होते. विन्यासात जुनेच नाव असल्यामुळे पत्ता कोणालाच मिळत नाही. यंत्र कुलूपबंद खोलीत, पडद्यावाचून चालणारे असेल, तर दूर बसलेल्या व्यवस्थापकाच्या दृष्टीने ते नाहीसेच झाले. या नावांना 'पूर्वकथनीय' असे विशेषण लावले जाते; ते यंत्रातील उपकरणांत काहीच फेरफार होत नाही तोवर खरे.

महाभाष्यात पतंजलीने जाति, गुण, क्रिया यांवर आधारलेल्या शब्दांबरोबर यदृच्छाशब्दांचा, म्हणजे ठेवणाऱ्याच्या केवळ इच्छेने ठेवलेल्या नावांचा, पक्षही सांगितला आहे. येथे उपाय तोच आहे. 'सिस्टमडी'च्या नेटवर्क निर्देशिकेत 'लिंक' प्रत्ययाची एक छोटी फाइल लिहावी. तीत कार्डाची ओळख त्याच्या ४८ बिटांच्या हार्डवेअर पत्त्याने पटवावी आणि पसंतीचे नाव द्यावे. ते नाव पंधरा अक्षरचिन्हांपेक्षा लांब नसावे, आणि 'ईटीएच०' या कुळातील तर मुळीच नसावे, कारण ती नावे कर्नल स्वतः वाटीत असतो व दोहोंची टक्कर होते. 'आतले' आणि 'बाहेरचे' अशा अर्थाची दोन नावे रोमन लिपीत दिली तरी पुरे. फ्रीबीएसडीतही विन्यासाच्या एका ओळीने असे पुनर्नामकरण होते. कार्ड बदलले, तर फाइलीतला हार्डवेअर पत्ता मात्र आठवणीने बदलावा.

राहिला पत्ता. 'आयपी लिंक' या आज्ञेच्या उत्तरात वाहक नसल्याचा उल्लेख आला, तर केबल किंवा पलीकडचा स्विच तपासावा. तसा तो नसेल, तर डीएचसीपीने पत्ता मिळाला की नाही ते पाहावे. आणि अंकी पत्त्यावर संदेश पोहोचून परततो, पण संकेतस्थळाचे नाव दिले की काहीच घडत नाही, असे आढळल्यास दोष नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या विन्यासात आहे. कार्ड तोवर आपले काम बजावीत असते.