सिरोंच्याला भेटतात

लाइट गेली, कूलर घरघरत थांबला आणि घरातल्या माणसांना एकदम एकमेकांचे आवाज ऐकू यायला लागले. मे महिन्यात नागपुरात लाइट गेल्यावर घरात कोण बसतं? मी वरांड्याच्या पायरीवर येऊन टेकलो. मागोमाग दोन्ही नातवंडं आली. थोरली सातवीत, धाकटा तिसरीत. दोघांच्याही मोबाइलची बॅटरी संपलेली, म्हणजे करमणुकीला आता आबाच उरले होते.

"आबा, गोष्ट सांगा."

"तुम्हीच सांगा. फेब्रुवारीत नाशिकला जाऊन आलो आपण. काय पाहिलं?"

धाकट्यानं बोटांवर मोजलं. "देऊळ. मग देऊळ. मग मिसळ. मग देऊळ. मग द्राक्षं."

चूक त्याची नव्हती. सेवाग्राम एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून गेलो आणि दोन दिवसांत त्याच्या बापानं आम्हाला काळाराम, रामकुंड, त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी, सिन्नरचं गोंदेश्वर आणि दिंडोरीकडच्या दोन द्राक्षबागा असं पळवलं, की मलाही कोणतं देऊळ कुठलं ते फोटो पाहून आठवावं लागतं.

"तो दगड आण," मी थोरलीला म्हटलं.

सिन्नरला गारगोटी म्युझियम आहे. तिथून तिनं मुठीएवढा एक तुकडा घेतला होता. बाहेरून मळकट काळा, एका बाजूनं फुटलेला, आणि आत पोकळीत साखरेच्या खड्यांसारखे पांढरे स्फटिक. मी टॉर्च लावला. खडे लखलखले.

"हा बुडबुडा आहे," मी म्हटलं.

"दगडाचा बुडबुडा?"

"साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्राची जमीन उलली. एक शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकातून धूर, असं चित्रातलं काही नव्हतं. लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा पसरला. थिजला. मग बऱ्याच काळानं पुन्हा आला, आधीच्या थरावर पसरला. असे थरावर थर. सह्याद्रीकडे त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर आहे. त्र्यंबकला ब्रह्मगिरीकडे बघताना तू म्हणाली होतीस, डोंगराला कोणी पायऱ्या पाडल्या म्हणून? त्या पायऱ्या म्हणजे हेच थर. म्हणून या दगडाला भूशास्त्रवाले ट्रॅप म्हणतात. स्वीडिश भाषेत पायरीला तसाच शब्द आहे."

लाव्हात वायू असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. थिजताना बुडबुडे आतच अडकले. पुढे दीर्घ काळ त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि जाताना भिंतींवर थोडं थोडं ठेवून गेलं. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणीत निघालेले हिरवे ॲपोफिलाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. त्यांच्याच शेजारी सापडतात ती झिओलाइट. 1756 साली क्रोनस्टेड नावाच्या एका स्वीडिश माणसानं असा एक खडा तापवला, तर तो चक्क उकळला! दगडाच्या आत, डोळ्यांना दिसणार नाहीत अशा जाळीदार खोल्यांत, पाणी दडून बसलं होतं. त्यानं नाव ठेवलं, उकळणारा दगड. आज माणसानं बनवलेली झिओलाइट तुझ्या आजीच्या कपडे धुण्याच्या पावडरमध्ये असतात, जड पाण्यातला कॅल्शियम त्या खोल्यांत कोंडायला.

"म्हणजे नाशिकला भारी दगड," धाकटा म्हणाला, "आणि आपल्याकडे नुसतं ऊन."

हे मला झोंबलं. "सीताबर्डीची टेकडी कशाची आहे बाप्पा? त्याच काळ्या दगडाची. गिट्टीखदान, नावातच खदान आहे. त्या उद्रेकांचा लाव्हा पसरत पसरत आला आणि इथं नागपूरपाशी संपला. इथं तो पोळीच्या कडेसारखा पातळ झालाय. पश्चिमेला काटोलकडे जा, काळा दगड. पूर्वेला भंडाऱ्याकडे जा, त्याच्याहून कितीतरी म्हातारा, लाव्हाच्या आधीचा दगड. आपण बरोबर काठावर राहून राहिलो."

दोन थरांमध्ये मोठा काळ जायचा. त्या वेळात तळी साचायची, शंख-शिंपले राहायचे, आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकायचा. टाकळीला असे गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म सापडले. ते ज्यांनी गोळा केले ते स्टीफन हिस्लॉप, आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते. पाद्री होते, पण दगड दिसला की घोड्यावरून उतरणारे. 1863 साली रात्रीच्या वेळी पूर आलेला नाला ओलांडताना बुडाले. थोरली गप्प झाली. तिला दगडांपेक्षा माणसांच्या गोष्टी लागतात. म्हणून मी काळारामाची सांगितली. ओढेकर सरदारांनी अठराव्या शतकात ते देऊळ याच काळ्या दगडात बांधलं, आणि 2 मार्च 1930 ला त्याच देवळाच्या दाराशी बाबासाहेब आंबेडकरांचे हजारो लोक आत जाऊ द्या म्हणून उभे राहिले. सत्याग्रह पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. "मग बाबासाहेबांनी जिथं जे केलं ती जागा आपल्या घरापासून लांब नाही," एवढंच म्हटलं मी, आणि तिनं दीक्षाभूमीच्या दिशेनं मान वळवली.

पश्चिमेला, समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर, दोन ठळक तारे दिसत होते. एक फारच लखलखीत, तो शुक्र. दुसरा शांत, पिवळसर.

"तो गुरू. सिंहस्थ कुंभमेळा त्याच्या घड्याळावर चालतो. गुरू सिंह राशीत गेला की नाशिकला सिंहस्थ. या 2026 च्या ऑक्टोबरअखेर तो सिंहेत शिरेल, आणि 2027 मध्ये रामकुंडावर पाय ठेवायला जागा राहणार नाही. आधी 2015, त्याच्याआधी 2003."

"बारा-बारा वर्षांनी," थोरलीनं हिशेब केला.

"पण गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा वर्षं लागत नाहीत. 11.86 लागतात. दर फेरीला थोडा लवकर येतो. सात फेऱ्या झाल्या की जवळपास एक वर्ष वाचलेलं असतं. म्हणून मधूनच एक कुंभ अकरा वर्षांनी येतो. हरिद्वारचा नाही का, 2010 नंतर एकदम 2021 ला आला?"

"मग देवाचं घड्याळ पुढं पळते," धाकटा म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही.

आतून बायकोनं द्राक्षांचं ताट पाठवलं. मोसमाच्या शेवटची, थोडी मऊ पडलेली. आणि मग खरी गोष्ट सुरू झाली, कारण नाशिकमध्ये मी कुठं थांबून पाहिलं असेल तर ते त्या मोहाडी रस्त्यावरच्या बागेत. बाकीचे फोटो काढत होते. बागाईतदार माझ्यासारखाच म्हातारा होता. त्यानं मांडवाखाली एक काडी वाकवून माझ्या हातात दिली आणि पानाच्या बगलेतल्या फुगीर ठिपक्यावर नख ठेवलं.

"याला काय म्हणतात माहीत आहे? डोळा. त्या डोळ्यात द्राक्षाचा घड असतो."

"इतक्याशा?"

"वाटाण्याहून लहान. चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दिसतो. शेतकरी खरोखर काड्या तपासायला पाठवतात."

आता नीट ऐका. द्राक्षवेल थंड देशातली. तिकडे हिवाळा आला की ती पानं टाकते, झोपते, वसंतात उठते. नाशिकला कुठला आला तसला हिवाळा? तिला झोपच येईना. नुसती वाढत राहील, शेंडा पळत राहील, फळ धरणार नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्यानं कात्री घेतली आणि वर्षातून दोनदा छाटायला लागला. एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेल पार बोडकी करतात, बघवत नाही. त्यातून नव्या काड्या येतात, आणि ऐन उन्हाळ्यात, छाटणीनंतर दीडदोन महिन्यांत, त्या काड्यांच्या डोळ्यांत घड ठरतात. बाहेर काहीच दिसत नाही. तेव्हा आभाळ दाटून राहिलं, ऊन मिळालं नाही, तर डोळा वांझ राहतो. आत घड ठरतच नाही. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, डोळ्यांना जागं करायला औषधाची पेस्ट लावतात, आणि सहा महिने लपलेला घड पानांबरोबर बाहेर पडतो. तिथून चार महिन्यांत तो तुमच्या ताटात.

"आत्ता, मे महिन्यात?" थोरलीनं विचारलं.

"आत्ता त्या बागेत नुसत्या हिरव्या काड्या आहेत. आणि पुढच्या फेब्रुवारीत तू खाशील ती द्राक्षं या आठवड्यात डोळ्यांत ठरून राहिली आहेत."

ती हातातल्या द्राक्षाकडे बघत राहिली.

तुम्हाला वाटेल, हे नाशिकवाल्यांचं डोकं. पण काटोल-वरूडचा संत्रावाला काय करतो? तोही झाडाला फसवतो, फक्त कात्रीनं नाही, पाण्यानं. झाडाला ताण देतो. हिवाळ्यात पाणी तोडलं की झाड धास्तावतं, वाढ थांबवतं. मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत फुलांनी लदबदून जातं. तो अंबिया बहर. उन्हाळ्यात ताण देऊन पावसाच्या पहिल्या सरीवर फुलवला तर मृग बहर. एकानं कापून, दुसऱ्यानं तहानेनं, पण दोघांनीही झाडाला न आलेला हिवाळा खराच आला असं पटवलं. मला संत्रावाल्याचं जास्त कौतुक वाटतं. पण मी नागपूरचा, माझं काय ऐकता.

"याच्यात बी काऊन नाही?" धाकट्यानं द्राक्ष चावून विचारलं.

बी होतं. सुरुवात झाली होती. फूल फळलं, बी धरलं, आणि थोड्याच दिवसांत आतल्या आत जिरलं. आता अडचण अशी की फळाला फुगायला सांगणारा निरोप बीच पाठवत असतं. बी गेलं, निरोप बंद, द्राक्ष बारीक. त्यावर उत्तर मिळालं भाताच्या एका रोगात. जपान्यांच्या शेतात काही रोपं वेड्यासारखी उंच वाढायची, बारीक व्हायची आणि पडायची. शेतकरी त्यांना मूर्ख रोपं म्हणत. 1926 साली एईची कुरोसावा यांनी दाखवलं, की त्या रोगाच्या बुरशीचं नुसतं पाणी निरोगी रोपावर टाकलं तरी ते वाढत सुटतं. त्यातला रस म्हणजे जिब्रेलिन, जो झाडंही आपापल्यापुरता बनवतात. बागाईतदार त्याला 'जीए' म्हणतात. कोवळे घड त्याच्या पाण्यात बुडवतात, आणि बीनं जो निरोप पाठवायचा राहिला तो बागाईतदार पाठवतो.

"आणि पानांवर ते निळं काय होतं?"

मोरचूद आणि चुना. त्याची गोष्ट तुला आवडेल, कारण त्यात चोर आहेत. फ्रान्सात बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडायचे. शेतकऱ्यांनी युक्ती केली, मोरचूद-चुन्याचं निळं पाणी फासलं, म्हणजे विष वाटावं. त्याच सुमारास केवडा रोगानं बागा झडू लागल्या, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं तेवढी हिरवी आहेत. 1885 साली त्यांनी ते छापलं. नाशिकला आजही बोर्डो मिश्रण फवारतात.

"म्हणजे चोरांमुळे!" धाकटा खूष झाला. तो पेल्यातलं पाणी प्यायला, पाय सोडून बसला. मग एकदम, "आबा, ती गोदावरी तिथून समुद्राला जाते ना? आपण रेल्वेनं मुंबईकडेच गेलो ना?"

प्रश्न खरा होता. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर. आणि बाई निघाली उलटी, 1465 किलोमीटर, बंगालच्या उपसागराकडे. कारण सह्याद्रीची कड उचललेली आणि सगळं पठार पूर्वेला कललेलं, एका बाजूनं पाट उचलावा तसं. जमीन म्हणेल तिकडे पाणी जातं.

रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे. पूर आला की नाशिककर विचारतात, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. सगळ्या शहराला कळणारी मोजपट्टी. आपल्याला 2023 च्या सप्टेंबरात असा एखादा मारुती हवा होता. अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी पंचशील चौकात शिरली, तेव्हा आम्ही शेजाऱ्याच्या मोटारीच्या चाकावरून पाणी मोजत होतो.

"आता ऐक," मी म्हटलं. "आपल्या गल्लीतली नाली कुठं जाते? नाग नदीत. नाग जाते कन्हानला. कन्हान वैनगंगेला, तिथं पुढं गोसीखुर्दचं धरण. मग वैनगंगेला वर्धा भेटते, दोघींची होते प्राणहिता. आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. नाशिकचं पाणी पैठणच्या जायकवाडीत थबकून, नांदेडवरून तिथं पोचतं, आणि आपलंही तिथंच. तिथं येते तेव्हा प्राणहिता पाण्यानं गोदावरीला भारी असते."

"त्यांचं रामकुंडाचं पाणी," थोरली तोंड वाकडं करत म्हणाली, "आणि आपलं नालीचं."

मला उत्तर सुचलं नाही. लाइट आली. कूलर पुन्हा धडधडला, थोरली चार्जर शोधायला पळाली. धाकटा मात्र उठून फाटकापाशी गेला, पेल्यात उरलेलं घोटभर पाणी हळूच नालीत ओतलं आणि वाकून बघत राहिला.

"आबा, हे नाशिकला जाईल?"

"नाही रे. सिरोंच्याला."