महायुद्धाच्या नकाशावरचं वर्धा

व्हर्सायच्या तहाने जर्मनी दुखावलेला होताच; त्यात जागतिक मंदी आली आणि हिटलरचं फावलं. १ सप्टेंबर १९३९ रोजी त्याच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या. दोनच दिवसांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतालाही युद्धात ओढलं. भारतीयांना विचारण्याची तसदी कोण घेतो?

त्याचं उत्तर वर्ध्यातून गेलं. इथे बसलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने २२ ऑक्टोबरला प्रांतिक मंत्रिमंडळांना राजीनामे द्यायला सांगितलं.

त्याआधी, २३ जुलैला, गांधीजींनी हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारं छोटंसं पत्र लिहिलं होतं. मायना ‘प्रिय मित्र’, वर पत्ता वर्ध्याचा. सरकारने ते पुढे जाऊच दिलं नाही! १९४०च्या डिसेंबरात त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, तेही वर्ध्याहूनच. लिनलिथगोंशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन मात्र सेवाग्राम आश्रमात आजही पाहायला मिळतो.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. मग गावोगाव तेच. चार दिवसांनी, २१ तारखेला, देवळीत त्यांना अटक झाली.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं, युद्ध दाराशी आलं. १४ जुलैला वर्ध्याच्या बैठकीत इंग्रजांनी निघून जावं असा ठराव झाला; ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब. आठच दिवसांनी, १६ ऑगस्टला, वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला.

आष्टीला आज लोक ‘शहीद आष्टी’ म्हणतात.