रॅम : स्वस्त घ्यावी की महाग?



बारावीचा निकाल लागला की पेडणे-डिचोलीकडच्या अनेक घरांत संगणकाचा विषय निघतो. २००० नंतरच्या दशकात गोवा शासनाच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना तयार संगणक मिळाले, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. आता मुले एकेक भाग निवडून गेम खेळण्याजोगा संगणक जुळवून घेतात. त्यात रॅमवरून मतभेद होतात. मुलाला रंगीत दिव्यांची महाग रॅम हवी असते, तर वडिलांची नजर खर्चावर असते.

रॅम म्हणजे काय ते आधी पाहू. हार्ड डिस्क ही घरातली कोठी मानली, तर रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. चवथीच्या दिवशी ओटा अपुरा पडला की प्रत्येक जिन्नसासाठी कोठीकडे धाव घ्यावी लागते. रॅम कमी पडली की गेम असाच मध्ये मध्ये अडखळतो. म्हणून पहिला निकष आकाराचा. ‘काउंटर-स्ट्राइक २’ला किमान ८ जीबी रॅम लागते, ‘सायबरपंक २०७७’साठी १६ जीबीची शिफारस आहे. तेव्हा १६ जीबी घ्यावी, परवडत असेल तर ३२.

मग महाग रॅममध्ये जादा पैसे कशाचे? वेगाचे, कमी विलंबाचे आणि सजावटीचे. विलंब ‘सीएल’ या आकड्यावरून काढता येतो. सीएलला २००० ने गुणून रॅमच्या वेगाने भागावे, उत्तर नॅनोसेकंदांत येते. ६००० वेगाच्या डीडीआर ५ रॅमचा सीएल ३० असेल तर विलंब १० नॅनोसेकंद, ३६ असेल तर १२. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जांश. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकावर एवढा फरक खेळताना सहसा जाणवतही नाही. दिव्यांनी तर वेग मुळीच वाढत नाही.

आणखी एक गोष्ट. जगातील बहुतेक रॅम-चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. किंग्स्टन, कॉर्सेअर यांसारख्या कंपन्या चिप विकत घेऊन रॅमच्या पट्ट्या तयार करतात. त्यामुळे स्वस्त आणि महाग पट्टीतील चिप एकाच कंपनीची असू शकते. अधिक वेग सोसणाऱ्या चिप निवडून महाग पट्टीत घातल्या जातात, एवढेच.

आज हा हिशेब अधिक महत्त्वाचा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करत असल्याचे मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले.

स्वस्त रॅम घेताना मात्र पुढील काळजी घ्यावी :

१. मदरबोर्डला डीडीआर ४ लागते की डीडीआर ५ ते आधी पाहावे. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही.

२. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्यांची जोडी घ्यावी. दोन मार्गांनी माहिती वाहिल्याने काम जलद होते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर हा फरक ठळक दिसतो.

३. बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ चालू करावे. नाहीतर ६००० ची रॅमही ४८०० सारख्या मूळ वेगाने चालत राहते आणि पैसे देऊन घेतलेला वेग वाया जातो.

४. अनोळखी नावाची पट्टी घेऊ नये. पक्के बिल आणि वॉरंटी घ्यावी. ‘मेमटेस्ट८६’ने एक रात्र तपासणी करावी, एकही चूक दिसली तर पट्टी बदलून घ्यावी.

वाचलेले पैसे चांगल्या ग्राफिक्स कार्डाकडे किंवा यूपीएसकडे वळवावेत. पावसाळ्यात वीज येते-जाते, तेव्हा दिव्यांच्या रॅमपेक्षा यूपीएसच कामी येतो.

विद्यार्थी मित्रांनो, महाग रॅमचा हट्ट धरण्याआधी वरचे गणित वहीत मांडून आई-वडिलांना दाखवा. आणि पालकांनीही किंमत विचारण्याआधी ते एकदा समजून घ्यावे, ही विनंती.