वणवा, राब आणि धुरातला कार्बन

फाल्गुन-चैत्रात भंडारदरा, रतनगडाच्या बाजूला रात्री डोंगरावर लाल माळ पेटलेली दिसते. लांबून देखणी. अकोले तालुक्यातल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातही वणवे लागतात, आणि बहुतेक माणसानेच लावलेले असतात. वाळलं गवत जाळलं की पावसाळ्यात चारा जोमाने येतो, हा जुना समज. राख पहिल्या वळवाला कोवळे कोंब काढते खरी; पण उघड्या पडलेल्या उतारावरची माती पुढच्याच सरींत वाहून जाते.

कार्बनचा हिशेब जरा गुंतागुंतीचा आहे. गवताने धुरातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसाळ्यातलं गवत बराचसा परत शोषून घेतं. झाडाझुडपांचं तसं नाही. हिरडा, जांभूळ जळाले तर ती भरपाई व्हायला दशकं लागतात, आणि दरवर्षी आग लागली तर रोपटी मोठी होतच नाहीत. शिवाय धुमसत्या आगीतून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या मोजणीत तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक तापदायक.

भात-नागलीच्या रोपांसाठी शेतात भाजला जाणारा राब मात्र वेगळा. त्याला वणव्याच्या रांगेत बसवणं अन्यायाचं. धोका असतो तो त्याची ठिणगी रानात जाण्याचा. म्हणून वारा पडलेला पाहून, कडेचं गवत आधी काढून राब भाजावा. वनखाते उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते, म्हणजे पट्टाभर गवत आधीच काढून किंवा जाळून टाकते. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाच आहे. पण गवत कापून नेण्याची मुभा असेल, तर काडी ओढायचं कारणच उरत नाही.