परतीचा पाऊस पूर्वेकडून का येतो?

जुलैत ठाणे-डोंबिवलीचा पाऊस समुद्राकडून येतो. ऑक्टोबरचा मात्र मुरबाडच्या बाजूने अंधारून येतो, कारण तोवर वरचे वारे पूर्वेचे झालेले असतात. दुपारच्या उन्हाने तापलेली दमट हवा सह्याद्रीपाशी उसळते, ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात आणि संध्याकाळी हे वारे त्यांना खाडीकडे ढकलतात. सरींबरोबर ढगातली गार हवा खाली कोसळते. पावसाआधी सुटणारा सोसाट्याचा वारा तो हाच.

मुंबई परिसरातून मान्सून सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरला परततो.  परतीच्या पावसाने शहरात कपडे भिजतात, गाड्या रखडतात. मुरबाड-शहापुरात कापून ठेवलेल्या भाताला शेतातच कोंब फुटतात, आणि ते नुकसान फार मोठे आहे.