ब्रिटनमध्ये जातभेदाविरुद्धचा कायदा कुठे अडला?

आपली मुलंमुली शिष्यवृत्ती घेऊन इंग्लंडला शिकायला जातात. ‘तिकडे जात नसते’ असं नागपुरात सहज बोललं जातं. जात तिथेही पोहोचली आहे, पण कायद्यात अजून तिचं नाव स्पष्टपणे आलेलं नाही.

२०१० च्या समता कायद्यानुसार सरकार जातीचा समावेश वंशाच्या व्याख्येत करू शकत होतं, पण तसं बंधन नव्हतं. दलित संघटनांनी आंदोलन केलं, लॉर्ड्स सभागृहाने रेटा लावला आणि २०१३ मध्ये संसदेने ते बंधनकारक केलं. काही हिंदू संघटनांनी विरोध केला. जुलै २०१८ मध्ये थेरेसा मे सरकारने वेगळी तरतूद करायला नकार दिला. न्यायालयीन निकाल पुरेसे आहेत, असं कारण दिलं.

हे निकाल म्हणजे मुख्यतः बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी घरकामगार महिलेचा खटला. २०१४ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने सांगितलं की जात ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते. पुढच्या वर्षी तिला थकीत वेतनाचे सुमारे १ लाख ८४ हजार पौंड मंजूर झाले.

अडचण ‘बसू शकते’ या शब्दांत आहे. पीडिताला आधी आपली जात कायद्यात बसते हे पटवावं लागतं, मग भेदभाव सिद्ध करावा लागतो. आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये ‘जात’ हा शब्दच आहे, म्हणून ही पहिली पायरी आपल्याला चढावी लागत नाही.

तिकडे जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: भेदभाव झाला तर तारीख, संदेश, साक्षीदार यांची नोंद ठेवा. आणि कायद्यात जातीचं नाव यावं, या तिथल्या मागणीला साथ द्या. जय भीम!